तिसऱ्यांदा विचारणं

ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. बारकीला सव्विसावं सरत आलं होतं आणि पदवीचा कागद हातात पडून अकरा दिवस झाले होते. त्या संध्याकाळी ती प्रयोगशाळेतून परत आली, इमारतीच्या दारातल्या टपालपेट्यांपाशी सवयीने थांबली आणि तिला स्वतःची पेटी सापडेना. म्हणजे पेटी होती जागेवरच, वरून तिसरी रांग, डावीकडून चौथी, कडीला जरासा गंज चढलेली. पण तिच्यावरची नावाची पट्टी नव्हती. पट्टीच्या जागी डिंकाचा एक चौकोन उरला होता. तिने त्यावर बोट ठेवलं तर बोट किंचित चिकटलं. म्हणजे आजच काढली होती, फार तर दुपारी.

इमारतीचा रखवालदार जिन्याखालचे दिवे बदलत होता. शिडीवरूनच म्हणाला, "विद्यापीठाची यादी आली ना. ज्यांचं शिकणं संपलं त्यांची नावं काढायची. तुम्ही आता जाणार असाल."

"कुठे?" बारकीने विचारलं.

"घरी," तो म्हणाला. हे काय विचारायचं झालं, अशा सुरात. मग तिचा चेहरा बघून दोन पायऱ्या खाली उतरला. "राहणार असाल तर कचेरीतून तसा कागद आणा. मी दुसरी पट्टी लावतो. माझं काय जातंय?"

बोलणं एवढंच. माणूस चांगला होता, बोलण्यात काही वावगं नव्हतं. पण तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढताना बारकी ते चिकट बोट अंगठ्यावर घासत राहिली. दोन वर्षांत त्या पट्टीवरचं नाव तिनं रोज पाहिलं होतं. आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांच्या नावाचं एक अक्षर. घरी त्या नावाने तिला कुणी कधी हाक मारली नव्हती. घरी ती बारकी. चार भावंडांत शेवटची, जन्मली तेव्हा मूठभर. म्हणून बारकी, आणि पुढे दादाच्या खांद्याला लागली तरी बारकीच. पट्टीवरची बाई इथे येऊन जन्मली होती. तिच्याजवळ स्वतःची किल्ली होती, स्वतःची बसची वेळ होती, आणि ती बाहेर पडताना "कुठे निघालीस, कधी येशील" असं विचारणारं कुणी नव्हतं. पहिले सहा महिने कुणी विचारत नाही म्हणून बारकी उशीत तोंड खुपसून रडली होती. नंतर तेच तिला गोड वाटायला लागलं. रविवारी सकाळी उठायचं, अंगावर कोट चढवायचा, आणि कुठे जायचं ते फाटकापाशी पोचल्यावर ठरवायचं. आई या सुखाला काय म्हणाली असती कोण जाणे. आईला आयुष्यात फाटकापाशी काही ठरवायचा प्रसंग आला नव्हता.

खोलीत डॉक्टरीण होती. ही बारकीची खोलीतली सोबतीण, वयाने आठ वर्षांनी मोठी, आपलीच भाषा बोलणारी. मोठ्या इस्पितळात काम करायची आणि घर सोडून तिला सात वर्षं झाली होती. जीभ अशी की टाक्याआधी जखम तीच करील. पट्टीची हकिकत ऐकून ती म्हणाली, "जिवंतपणीच नाव पुसलं की गं तुझं!" आणि मग बारकी हसत नाही असं पाहून, "उद्या त्या कचेरीत जा. तिथे खिडकीत एक बाई बसते. नाकावर चष्मा, गळ्यात दोरी. ती सांगेल तुला. आम्हाला सगळ्यांना तिनेच सांगितलंय. गोड बोलते आणि हळूच आपल्यापुढे कागद सरकवते."

खिडकीतल्या बाईने खरंच कागद सरकवला. त्यावर चार वाटा छापल्या होत्या. शिकणं संपल्यापासून साठ दिवस राहायची मुभा होती, त्यातले बारा गेले होते. पहिली वाट: शिकलात त्याच विषयातलं काम कुणी देत असेल तर त्याचं पत्र आणायचं, म्हणजे एका वर्षाची परवानगी मिळे. वर्षाने त्याच मालकाने पुन्हा मागणी केली तर पुढची वर्षं. दुसरी: आणखी एका पदवीला नाव घालायचं. तिसरी: इथल्या माणसाशी लग्न. हे सांगताना बाई चष्म्यावरून बघून हसल्या. "हा काही मी सल्ला देत नाहीये हं, फक्त छापलंय ते वाचतेय." आणि चौथी: साठ दिवसांच्या आत देश सोडायचा.

"पहिली वाट घेतली तर मध्ये घरी जाऊन येता येईल?" बारकीने विचारलं. "महिनाभरच."

"अर्ज दिला की निकाल लागेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर अर्ज आपोआप रद्द. निकालाला सहा-सात महिने लागतात. मग वर्ष संपत आलं की पुढचा अर्ज, की पुन्हा तेच." बाईंनी पेन्सिलीने कागदावर एक वर्तुळ काढलं आणि त्यातून एक बाण बाहेर काढता काढता थांबल्या. "खरं सांगू? मुलं दोन वर्षं म्हणतात. चारच्या आत गेलेलं मी कुणी पाहिलं नाही."

बाहेर पायऱ्यांवर बसून बारकीने तो कागद दोनदा वाचला. काम तर हातात होतंच. शिकतानाच ती शहराच्या त्या टोकाच्या बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत जायची. ओल्या टिपकागदावर शंभर-शंभर बिया ओळीने मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, उबदार कपाटात ठेवायची, आणि सातव्या दिवशी उघडून मोजायचं. सरळ रोपं किती, वाकडी किती, कुजलेली किती. आणि काही बिया अशा असत की कुजलेल्या नसत, उगवलेल्याही नसत. दाबून पाहिल्या तर टणक. त्यांच्यासाठी तक्त्यात वेगळा रकाना होता. वाकडं रोप कुठे संपतं आणि सरळ कुठे सुरू होतं हे पुस्तकात वाचून येत नाही, ते नजरेने ठरवावं लागतं, आणि बारकीची नजर चांगली होती. प्रयोगशाळेचा साहेब, उंच, वाकलेला, कानात केस असलेला म्हातारा, तिची मोजणी स्वतः पुन्हा मोजून पाही. गेल्या वर्षभरात त्याने पाहणं सोडून दिलं होतं. एवढंच त्याचं कौतुक, पण तिला ते पदवीपेक्षा मोठं वाटायचं. ओल्या कागदाचा आणि कोंबांचा तो वास, सकाळी पहिलं कपाट उघडताना तोंडावर येणारी ऊब. हे सगळं सोडून जायचं म्हटलं की आत काहीतरी ओढ घेई. आणि राहायचं म्हटलं की दुसरीकडून दुसरं काहीतरी ओढी. दोन्ही ओढी सारख्याच खऱ्या होत्या, हीच खरी पंचाईत.

घरून एका शब्दाने कुणी "ये" म्हणालं असतं तर ती गेली असती. पण तिच्या घरात म्हणण्याची रीत नव्हती. ते सगळं घराणंच भिडस्त. मागायचं नाही, ओळखायचं. आणि कुणी देऊ केलं तर आधी नको म्हणायचं. पहिलं नको रीतीचं, दुसरं नको मानाचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे समोरच्याला खरंच द्यायचंय असं समजून, मान जरा तिरकी करून, "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर." ताटात दुसऱ्यांदा भात घेतानासुद्धा हेच. वाढणारी आई डाव ताटावर धरून उभी, जेवणारा ताटावर हात आडवा धरून, आणि दोघांनाही ठाऊक की हात निघणार आहे. परक्याला हे नाटक वाटेल, पण त्यात नाटक नव्हतं. तिसऱ्यांदा विचारलं जाईपर्यंत आपण नकोसे तर नाही ना, ही धास्ती प्रत्येकाला खरीच वाटायची. अण्णांची, म्हणजे तिच्या वडिलांची, एक गोष्ट घरात वीस वर्षं चालली होती. कचेरीतल्या एका नव्या स्नेह्याकडे ते गेले. त्याने विचारलं, चहा? अण्णा म्हणाले, छे छे, नको. त्याने विचारलं, अहो घ्या थोडा. अण्णा म्हणाले, खरंच नको, आत्ताच झाला. "आणि तो म्हणाला, बरं!" अण्णा इथे येऊन हातावर हात मारत. "सरळ बरं म्हणाला हो! आणि आत जाऊन स्टोव्ह बंद केला. मी ऐकला ना बंद केलेला!" सगळे पोट धरून हसत. आई पदराने डोळे पुसत म्हणे, "त्याला बिचाऱ्याला काय माहीत? त्याच्या घरी तसं नसेल." आईला कुणाचीही बाजू घेता यायची, फक्त स्वतःची सोडून.

घरून पत्र यायचं ते एकच, निळं, आतल्या बाजूने लिहून बाहेरून घडी घालायचं. त्याची वाटणी ठरलेली. वरचा मोठा भाग अण्णांचा. त्याखाली दादाच्या चार ओळी, त्याखाली वहिनीच्या दोन, आणि घडीसाठी जी अरुंद पट्टी सुटते ती आईची. पत्र सगळ्यांदेखत लिहिलं जाई आणि बारकीचं आलेलं अण्णा सगळ्यांदेखत मोठ्याने वाचत, त्यामुळे त्यात मनातलं लिहायची सोय कुणालाच नव्हती. तरी आईची पट्टी वाचायला बारकी सगळं पत्र घाईने संपवायची. पहिल्या वर्षी त्या पट्टीत आई मुंगीच्या अक्षरात काय काय बसवी. मागच्या अंगणात लावलेल्या वेलाला आलेली फुलं, शेजारणीच्या सुनेचं माहेरी जाणं, "तुझी जुनी चादर मी आता माझ्या अंथरुणावर घालते." शेवटच्या दोन-तीन पत्रांत मात्र पट्टीत फारसं काही मावेनासं झालं होतं. "बरी आहे. सांभाळून राहा." त्याच्या आधीच्यात, "काळजी नको." बारकीला वाटलं होतं, आईचं आपल्याशी बोलणं आटलं. दोन वर्षांत लेक दूर गेली, आता सांगण्यासारखं काय राहिलं. ती त्याने जरा दुखावलीही होती, पण दुखावल्याचं लिहिणार कुठे? अण्णा वाचणार.

त्या संध्याकाळी, खिडकीतल्या बाईकडून आल्यावर, तिने सगळी निळी पत्रं पलंगावर मांडली. "ये" हा शब्द कुठे तरी, आडून, वळणाने, फुलाच्या निमित्ताने तरी लिहिला गेला असेल असं तिला वाटत होतं. तेवढ्यात डॉक्टरीण न्हाऊन आली, ओले केस टॉवेलात बांधून पलंगावर टेकली, आणि सहज एकेक पत्र उचलू लागली. तिने शब्द वाचलेच नाहीत. पत्रांचा क्रम तारखेने लावला, मग नुसत्या आईच्या पट्ट्या एकाखाली एक धरल्या.

"चष्मा बदललाय का तुझ्या आईने?"

"का गं?"

"अक्षर बघ. इथे मुंगी, इथे झुरळ, इथे तर बेडूक." मग हसू आवरून, "आणि हे बघ. इथे वहिनीच्या ओळीवर तिची ओळ चढलीय. खाली कुणी लिहिलंय हे तिला दिसलेलंच नाही. कडेला असलेलं दिसत नाही तिला."

बारकी त्या पट्ट्यांकडे बघत राहिली. वर्षभर ती शब्द मोजत आली होती, आणि शब्द कमी झाले ते अक्षर मोठं झालं म्हणून. पट्टी तेवढीच, आईला लिहायचं तेवढंच, मावतात मात्र चार शब्द. शंभर बियांत एक वाकडं रोप तिच्या नजरेतून सुटत नव्हतं, आणि हे सुटलं.

"काय असेल?"

"पत्रावरून रोग सांगायला मी काय ज्योतिषीण आहे? मोतीबिंदू असेल तर बरं, काढता येतो. पण कडा जातायत म्हणजे मला काचबिंदू वाटतो. गेलेली नजर परत येत नाही त्यात. उरलेली औषधाने राखायची, राखता आली तर." ती उठली, केस मोकळे केले आणि आरशाकडे बघत, बारकीकडे न बघता म्हणाली, "चौथी वाट धर आणि जा. तुझी आई तुला बघेल तोवर जा."

"तू गेलीस का सात वर्षांत?"

"नाही गेले. म्हणून तर सांगते ना, मूर्खे."

पुढचे दिवस बारकीने कसे काढले ते तिला नंतर नीट आठवेना. एवढंच आठवे की रस्त्यातली प्रत्येक गोष्ट ती आईसाठी बघायला लागली. बसच्या काचेवरचे थेंब, दुकानातला लोकरीचा ढीग, समोरच्या बाकावर झोपलेल्या म्हाताऱ्याची उघडी हनुवटी. जणू तिने बघितलं की तेवढं आईचं बघून झालं. लहानपणी आई तिच्या केसांतली गाठ न ओढता सोडवायची. कंगवा बाजूला ठेवून, बोटांनी, उजेडाकडे वळवून. "मान हलवू नकोस, सापडलीय." गाठ सापडली की आई श्वास रोखायची. तो रोखलेला श्वास बारकीला मानेवर जाणवायचा, की आता सुटणार. आता आईला गाठ दिसत असेल का? कडेची नाही, पण अगदी समोर धरली तर? पत्र सुरू करून तिने तीनदा फाडलं. "आई, तुझे डोळे" असं लिहिलं तर अण्णा ते भर घरात मोठ्याने वाचणार, आणि आईने जे सगळ्यांपासून लपवलं ते तिनेच चव्हाट्यावर मांडल्यासारखं होणार. आणि "येऊ का" असं लिहिलं तर उत्तर काय येईल ते तिला तोंडपाठ होतं. पत्रातल्या पहिल्या नकोला दुसरं विचारणं धाडायला तीन आठवडे, आणि तिसऱ्याला आणखी तीन. तोवर साठ दिवस उलटून जातील.

साहेबाने मात्र तिच्या विनंतीला दहा मिनिटं लावली. "पत्र? हो, लिहितो की." आणि समोरच बसून हाताने लिहिलं, की ही मुलगी गेली तर मोजणीचं काम अडेल. तिच्यापुढे ते सरकवत म्हणाला, "खरं आहे म्हणून लिहिलंय. तुला राहायचं असेल तर दे, नसेल तर खिडकीच्या फटीत कोंब, वारा येतो तिथून." ती हसली. त्या एका ओळीने तिचं मन भरून आलं. आपल्यावाचून कुणाचं अडेल असं कागदावर तिच्याबद्दल आजवर कुणी लिहिलं नव्हतं. घरी तर ते लिहिण्याची सोयच नव्हती.

पत्र पर्समध्ये ठेवून ती फिरत राहिली, आणि शेवटी तिने फोन करायचं ठरवलं. तेव्हा घरी फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान होतं, तिथला फोन सगळ्या गल्लीचा. तार करून दिवस-वेळ कळवायची, घरच्यांनी दुकानात जाऊन बसायचं, आणि इकडून टपालकचेरीतल्या काचेच्या खोलीत आपला नंबर लागायची वाट बघायची. मिळायची ती तीन मिनिटं. शनिवारी सकाळी अकराला बारकी त्या काचेच्या खोलीत शिरली. तिकडे संध्याकाळ होती.

पहिलं मिनिट अण्णांचं. "हॅलो! ऐकू येतंय का? मला ऐकू येतंय! तुला येतंय का?" ऐकू येतंय, अण्णा. "आवाज अगदी स्वच्छ आहे! शेजारच्या खोलीत असल्यासारखा! सगळे आहोत आम्ही इथे! हा दादा, दादाशी बोल!" दादाने वीस सेकंदांत तब्येत, हवा आणि काम आटोपलं आणि "आईला देतो" म्हणाला. मग काहीतरी घासल्याचा आवाज, आणि दूरून वहिनीचा, "असं धरा आई, हे वरचं कानाला."

"बारके?"

"आई, डोळे कसे आहेत तुझे?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय माझ्या!"

"अक्षर मोठं झालंय तुझं."

"तुला लांबून वाचायचं असतं ना गं," आई म्हणाली, "म्हणून मोठं काढते." आणि स्वतःच हसली. मागे कुणीतरी हसल्याचंही ऐकू आलं. म्हणजे सगळे ऐकत होते. काचेबाहेर पुढच्या नंबरची बाई हातातल्या पावतीची सुरळी करत उभी होती. बारकीने तोंड भिंतीकडे वळवलं.

"आई, मी येऊ का?"

"कशाला गं? एवढं शिकलीस. काम चांगलं आहे म्हणतेस. नको."

"तसं नाही. आत्ता सुटून येता येतं. अर्ज एकदा दिला की मग खूप दिवस हलता येणार नाही मला. येऊ का?"

"नको, नको. इथली काळजी करू नकोस तू. इथे सगळे आहेत की."

आणि मग आई बोलायची थांबली. तारेतून औषधाच्या बाटल्यांचा किणकिणाट आला, कुणीतरी खाकरलं, रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. त्या सगळ्यामागे आईचा श्वास होता. रोखलेला. बारकीने तो ओळखला; तिच्या घरातल्या कुणीही ओळखला असता. ताटावर आडवा हात, वर धरलेला डाव, आणि मधली ती एवढीशी जागा. आता फक्त तिसऱ्यांदा विचारायचं होतं. शब्दही नवे लागणार नव्हते, तेच दोन. तोंडापर्यंत ते आलेही होते. आणि त्याच क्षणी तिला प्रयोगशाळेचं पहिलं कपाट आठवलं, सकाळची ऊब, आणि पर्समधला तो कागद, की ही मुलगी गेली तर काम अडेल. आपण इथे दोन वर्षं राहिलो, तिने स्वतःशी म्हटलं, इथे नाही म्हणजे नाही असतं. आईने दोनदा सांगितलंय नको म्हणून. ती खोटं का सांगेल?

"बरं," बारकी म्हणाली.

पलीकडे श्वास सुटला. अगदी हळू, कुणाला कळू नये असा.

"बरं," आई म्हणाली. "मग, थंडी पडली का तिकडे?"

घड्याळात अजून चाळीस सेकंद होते. ते बारकीला भिंतीवरच्या काट्यावर स्वच्छ दिसत होते. त्या चाळीस सेकंदांत त्या दोघी थंडीबद्दल बोलल्या. लोकरीचे मोजे आहेत का, आहेत. दोन जोड घालत जा. हो. छातीला वारा लागू देऊ नकोस. नाही देणार. आई त्या मोज्यांबद्दल इतकी आनंदाने, इतकी घाईघाईने बोलत होती, की बारकीने कशाबद्दलही ओशाळू नये. तिसऱ्यांदा विचारलं न गेलेलं माणूस असंच बोलतं. अण्णाही त्या स्नेह्याकडे पुढे अर्धा तास हवापाण्यावर बोलले असणार. गोष्टीत तेवढं ते कधी सांगत नसत.

खोलीवर आल्यावर डॉक्टरणीने विचारलं, "काय म्हणाली?"

"नको म्हणाली."

डॉक्टरीण तिच्याकडे बघत राहिली. त्या घराण्याची रीत तिला माहीत नव्हती, पण माणसांची नाडी बघायचा धंदा तिचा. "आणि तू काय म्हणालीस?" बारकीने सांगितलं.   डॉक्टरणीने उठून दोन कप चहा केला, आणि बारकीला न विचारताच तिच्यापुढे ठेवला.

अठ्ठावन्नाव्या दिवशी बारकीने साहेबाच्या पत्रासह अर्ज खिडकीत दिला. चष्म्याच्या बाईंनी शिक्का मारला, "छान झालं" म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या.

पुढे त्या बाई निवृत्त झाल्या. खिडकीला काच बसली, काचेला एक भोक पडलं, आणि भोकामागे कुणीही बसलं तरी सारखंच दिसू लागलं. इमारतीचा रखवालदार लेकीकडे राहायला गेला. जाताना त्याने बारकीला जुन्या टपालपेट्यांच्या किल्ल्यांचा जुडगा दाखवला, की कितीजण किल्ल्या न देताच गेले बघा. साहेबाने निवृत्तीनंतर घरामागे फुलझाडं लावायचं मनावर घेतलं आणि त्याचं एक बी धड उगवेना. आयुष्यभर दुसऱ्यांची बियाणं नापास केली त्याचा तळतळाट, असं तो स्वतःच सांगत फिरे. डॉक्टरीण, जिने सगळ्यांना इथल्या वाटा दाखवल्या, ती नवव्या वर्षी एका सकाळी सामान बांधून कायमची परत गेली. तिथून ती बारकीला शिव्या घातलेली पत्रं पाठवी, की इथे कुणी वेळेवर येत नाही, औषध पुरं घेत नाही, आणि फीऐवजी आपल्या मुलीचं स्थळ कुठे जमवता का विचारतात. पत्राच्या शेवटी दरवेळी असे, "मजेत आहे." पंचावन्नाव्या वर्षी तिने एका निवृत्त मास्तरांशी लग्न केलं आणि त्याचा फोटो पाठवला. त्यात मास्तर डोळे मिटून हसत होते.

अण्णा तिसऱ्या वर्षी गेले. तार आली तेव्हा बारकीचा पुढचा अर्ज खिडकीआड पडून होता आणि बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. तिने पत्र लिहिलं. ते या वेळी दादाने मोठ्याने वाचलं. आईचे डोळे पुढे घरच्यांच्याही लक्षात आले, आणि वहिनी पहाटे, दुपारी आणि निजताना आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची, वर्षानुवर्षं, एक वेळ न चुकवता. पत्रातल्या तिच्या दोन ओळींत ते कधी आलं नाही. बारकीला ते पुढे, वहिनीच्या उजव्या हाताची दोन बोटं थेंब घालायच्या बेताने कायमची जवळ आलेली पाहून कळलं. दादाने घर दुरुस्त केलं, फोन घेतला, आणि पट्टीचं निळं पत्र बंद झालं. बारकी त्याच प्रयोगशाळेत एकतीस वर्षं राहिली. शेवटची बारा वर्षं नव्या मुलींच्या मोजण्या पुन्हा मोजून पाहण्याचं काम तिचं होतं, आणि तिने ते कधीच सोडून दिलं नाही. सगळ्यांचं सगळं पाहिलं. लग्न तिने केलं नाही. करायचंच नव्हतं असंही नाही. विचारलं होतं एकाने, दोनदा.

आणि आई. खिडकीतल्या बाईंनी काढलेल्या वर्तुळातून बाहेरचा बाण बारकीला पाचव्या वर्षी सापडला. ती दुपारी पोचली. दादा तिला घ्यायला गेला होता, तो सामान उतरवत मागे राहिला. वहिनी मागच्या दारी होती. घर तिला लहान वाटलं, भिंतींचा रंग नवा होता. आई समोरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर, तोंड दाराकडे, चेहरा मागच्यासारखाच, फक्त डोळे कुठेतरी बारकीच्या खांद्याच्या पलीकडे. उंबऱ्यात बूट काढायला बारकी वाकली. पाच-सात वर्षं थंडीतल्या जाड बुटांत चालून तिची चाल बदलली होती, ते तिला ठाऊक नव्हतं. ती दोन पावलं आत आली. आईने मान जराशी वळवली, ऐकलं, आणि पदर सावरून, पाहुण्याला म्हणतात तशा हसऱ्या, अदबीच्या आवाजात म्हणाली, "या ना. बसा. मुलगा आत्ता येईलच इतक्यात."

"आई, मी आहे. बारकी."

आईच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीच आलं नाही. मग ते सगळं एकदम आलं, आणि त्याच्यावर, त्याहूनही लवकर, तिने दुसरं काही ओढून घेतलं.

"माहीत आहे गं," ती म्हणाली. "ओळखलं की. मुद्दाम म्हटलं, गंमत."

"मला वाटलंच," बारकी म्हणाली.

दोघी हसल्या. दादा सामान घेऊन आत आला, त्याला काय झालं ते कळेना, पण तोही हसला. दोघींचं हसणं बराच वेळ चाललं. ते थांबल्यावर काय बोलायचं हे दोघींपैकी एकीलाही अजून सुचलेलं नव्हतं.